बॉस्टनमध्ये कॉप्लीच्या शेठ-सावकारांसमोर

म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सला जायचं तर बॉस्टन मेट्रोच्या ग्रीन लाइनची ‘ई’ गाडीच पकडा. कॉप्ली स्थानकानंतर फाटे फुटतात. मी चुकीच्या गाडीत बसले आणि सकाळचा अर्धा तास गेला. त्या स्थानकाला ज्याचं नाव आहे तो अठराव्या शतकातला चित्रकार जॉन सिंगलटन कॉप्ली, त्याचीच चित्रं बघायला मी निघाले होते. मंगळवारी संग्रहालय बंद असतं.

आत गेल्यावर सरळ अमेरिकन कलेच्या विभागात पहिल्या मजल्यावर जा. डोळे ताजे असताना हे बघायला हवं. कॉप्लीची आई बॉस्टनच्या धक्क्यावर तंबाखूचं दुकान चालवायची, आणि हा मुलगा गावातल्या बड्या व्यापाऱ्यांचा लाडका चित्रकार झाला. 1765 चा जॉन हॅनकॉक बघा: एवढा श्रीमंत माणूस, पण समोर हिशेबाची वही आणि हातात लेखणी.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती 1771 च्या मिसेस गोल्डथ्वेट यांच्यासमोर. त्यांचा हात फळांकडे गेलाय आणि महोगनीच्या चकचकीत टेबलात फळांची प्रतिबिंबं उतरलीत. आधी लांबून बघा, मग जवळ जा. जवळून ती चकाकी म्हणजे नुसते रंगाचे फटकारे उरतात.

निकोलस बॉयल्स्टनच्या चित्रात तर आपलाच धागा सापडतो. विग काढून ठेवलाय, डोक्यावर मऊ टोपी, अंगात सैल रेशमी झगा. या झग्याला तेव्हा ‘बनियन’ म्हणत. शब्द मूळचा गुजराती वाण्यांवरून आलेला, आणि आपण अंगात घालतो त्या बनियनचाही उगम तोच. कितीतरी वेळ मी त्या झग्याच्या चुण्याच बघत राहिले.

पण हा पैसा कुठून आला, हे चित्रं सांगत नाहीत. म्हणून 1769 चं आयझॅक रॉयलचं चित्र पाहून दुसऱ्या दिवशी बॉस्टनजवळच्या मेडफर्डला त्याच्या घरी जा. कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावरच्या उसाच्या मळ्यांवर हे घराणं श्रीमंत झालं. हवेलीशेजारी गुलामांची वेगळी इमारत अजून उभी आहे. तिथे गुलाम म्हणून राबलेल्या बेलिंडाने 1783 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज करून रॉयलच्या मालमत्तेतून निवृत्तिवेतन मागितलं होतं. ती हकिकत तिथे उभं राहून ऐकताना माझा घसा दाटून आला. घर ठरावीक दिवशीच उघडतं, तेव्हा वेळा आधी बघून घ्या.