एनईएसवर कार्ट्रिजचा जादा आवाज: ३ आणि ९ मधला रेझिस्टर

काही जपानी कार्ट्रिजमध्ये स्वतःची आवाजाची चिप असते; तिचा जादा आवाज निन्टेंडोच्या एनईएस या गेम कन्सोलवर ऐकू यावा म्हणून ही जोडणी. फ्रंट-लोडरचं, म्हणजे पुढून कार्ट्रिज घालायच्या एनईएसचं, काम आता आवाजाची पातळी जुळवण्यापर्यंत आलंय. सोल्डरिंग म्हणाल तर एकच रेझिस्टर. वेळ जातो तो पिन पक्क्या करण्यात.

फॅमिकॉमच्या, म्हणजे एनईएसच्या जपानी रूपाच्या (१९८३), ६० पिनी कार्ट्रिजला आवाजाच्या दोन पिन आहेत: ४५ वरून कन्सोलचा आवाज कार्ट्रिजमध्ये जातो, ४६ वरून मिसळून परत येतो. म्हणूनच कोनामीच्या कार्ट्रिजमधली व्हीआरसी६ चिप कन्सोलच्या पाच चॅनेलांत दोन पल्स आणि एक सॉटूथ (आवाजाच्या लहरींचे आकार) यांची भर घालू शकते. ७२ पिनी एनईएसमध्ये हा रस्ताच नाही. तिथे ईएक्सपी (एक्स्पान्शन) नावाच्या दहा पिन कार्ट्रिजकडून तळाच्या एक्स्पान्शन पोर्टला जातात. त्यांतली ईएक्सपी६, म्हणजे कार्ट्रिजची ५४, पोर्टवर ९ ला येते; आणि पोर्टची ३ म्हणजे ऑडिओ मिक्सचं इनपुट. एव्हरड्राइव्ह एन८ हे मेमरी कार्डवरून गेम चालवणारं कार्ट्रिज जादा आवाज ईएक्सपी६ वरच सोडतं. तेव्हा ३ आणि ९ च्या मध्ये ४७ किलोओहम, पाव वॅट: पिवळा, जांभळा, नारिंगी.

घोळ होतो तो इथे. बोर्ड उलटा धरला की क्रमांकही आरशातल्यासारखे उलटतात आणि रेझिस्टर समोरच्या रांगेत जाऊन बसतो. नकाशावर विसंबू नका, मल्टिमीटर लावा. १ वर +५ व्होल्ट, २ ग्राउंड, आणि कन्सोल बंद असताना ९ व कार्ट्रिज कनेक्टरची ५४ यांच्यात बीप यायलाच हवा. ३ च्या शेजारी ४ वर एनएमआय, म्हणजे प्रोसेसरचा इंटरप्ट सिग्नल, आहे. तिथे सोल्डरचा पूल झाला तर गेम अडकतो. रेझिस्टरच्या दोन्ही पायांवर स्लीव्ह चढवा, नाहीतर पत्र्याचं शिल्ड बसवताना ते त्याला टेकतात.

रेझिस्टर न घालता नुसती वायर जोडू नका. जादा चॅनेल बोंबलतात आणि मूळ आवाज दबतो. रेझिस्टरचे ओहम कमी केले की कार्ट्रिजचा आवाज वाढतो, वाढवले की उतरतो. कानाने जुळवायचं असेल तर १०० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) आणि त्याच्या मालिकेत १० किलोओहम, म्हणजे पॉट शून्यावर गेला तरी थेट जोडणी होत नाही. सनसॉफ्ट ५बी ही चिप (‘गिमिक!’ या गेममधली, १९९२) मुळातच जोरात वाजते, तिच्यावरून पातळी ठरवू नये.

चाचणीला व्हीआरसी६ वापरणारा ‘आकुमाजो देन्सेत्सू’ (१९८९) हा गेम घ्या, आणि जपानीच. अमेरिकी आवृत्तीत त्या चिपऐवजी एमएमसी५ आहे आणि संगीत कन्सोलच्याच चॅनेलांसाठी पुन्हा बांधलंय. ती लावून ‘फरकच नाही’ म्हणणारे बरेच भेटतात.

अजून आवाज येत नसेल तर दोन संशय. सीपीयूच्या १ आणि २ पिनवरून स्टिरिओ काढला असेल, तर तो मिक्सच्या आधीचा सिग्नल आहे. जादा आवाज त्यात येणारच नाही, मूळ मोनो जॅक ऐका. दुसरा संशय ६०-ते-७२ अडॅप्टरवर, म्हणजे फॅमिकॉमचं कार्ट्रिज एनईएसमध्ये बसवणाऱ्या जोडावर. बऱ्याच अडॅप्टरांत आवाजाची जोडणीच नसते, फॅमिकॉमची ४६ आणि एनईएसची ५४ यांच्यात वायर घालावी लागते. ५४ च्या जागी तांब्याची पट्टीच नसेल तर तो अडॅप्टर या कामाचा नाही.

टॉप-लोडरला, म्हणजे वरून कार्ट्रिज घालायच्या एनईएसला (१९९३), हा पोर्टच नाही. तिथे थेट कार्ट्रिज कनेक्टरच्या ५४ वरून वायर ओढायची. त्याची नोंद वेगळी.