कॉन्टेसा: आधी पत्रा, मग इंजिन

गेल्या महिन्यात कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीतल्या एका शेडमधून कॉन्टेसा ही जुनी मोटार घेतली. 1986ची, बंद पडलेली, 85 हजारांना. टोचन करून कळंब्याला घरी आणली. तेव्हापासून रोज संध्याकाळी कामावरून आले की वही घेऊन तिच्याजवळ बसते. पाना अजून एकाही नटाला लावलेला नाही.

कॉन्टेसाला पुष्कळजण आपली मसल कार म्हणतात. पण मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी, म्हटलं की जाणकार अमेरिकेकडे बोट दाखवतात, आणि ते बरोबरच आहे. 1964 साली पॉन्टिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या गाडीत 6.4 लिटरचं व्ही-8 इंजिन घालून जीटीओ काढली. त्या मापाने माझी गाडी अशक्तच ठरेल. मूळची ती इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची व्हिक्टर. हिंदुस्तान मोटर्सने 1984 पासून ती कॉन्टेसा म्हणून उत्तरपाड्याला बनवली, आणि सुरुवातीला तिच्यात इंजिन घातलं अ‍ॅम्बेसेडरचं, 1489 सीसी, साधारण 50 हॉर्सपॉवरचं. पण ते लांबलचक बॉनेट, मागच्या चाकावर फुगत गेलेली ती कंबरेची रेघ! लहानपणी साखर कारखान्याच्या गेटातून अशी गाडी आत वळताना पाहिली होती. रुबाब म्हणजे काय, ते मला तिथं कळलं.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. 14 वर्षं बिडाचे कास्टिंग तपासतेय. त्यामुळे गाडी दारात आल्या आल्या मनात एकच होतं, इंजिन उतरवायचं. उद्यमनगरात हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, कुणाकडे द्यायचं, सिलिंडरचा बोअर कुणाकडे करायचा, सगळं डोक्यात तयार होतं. डेंटिंगवाल्या चाचांना नुसतं बघायला म्हणून बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "ताई, इंजिन कोल्हापुरात कधीपण होतंय. ह्यो पत्रा कुठनं आणणार?"

त्या एका प्रश्नाने माझी वही उलटी झाली.

खरंच आहे ते. या गावात पिस्टन, लायनर, बुश, शाफ्ट काहीही घेऊन जा, बघून करून देणारा माणूस सापडतो. नसेल तर पॅटर्न करून ओतून घेता येतं. अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनाचे पार्ट तर आजही मिळतात. पण कॉन्टेसाचं मडगार्ड, दरवाजा, मागच्या दिव्याची काच, काचेभोवतीचं रबर? गाडी 2002 साली बंद झाली. कुर्ल्याच्या भंगार बाजारात हेलपाटे घालायचे आणि नशिबाची वाट बघायची. म्हणजे जे मिळणारच नाही ते आधी वाचवायचं, आणि जे हमखास होणार आहे ते मागे ठेवायचं. मी नेमकं उलटं धरून बसले होते.

मग चाचांनी मागची सीट काढायला लावली. खालचं कार्पेट ओढलं तर ते तळाशी चिकटलेलं. जोर लावल्यावर सुटलं, आणि खाली पंचगंगेचा गाळ. सुकून त्याची ढपली झाली होती, उन्हाळ्यात तळ्याचा तळ भेगाळतो तशी. एक ढपली उचलली तर तिच्या पाठीला तांबूस गंजाचा पापुद्रा चिकटून आला, आणि त्या जागी पत्र्यातून खालची फरशी दिसली. दरवाज्याच्या आतल्या पुठ्ठ्यावर, हँडलच्या जरा खाली, एक आडवी रेघ होती. ऑगस्ट 2019च्या महापुराची. पाणी तिथपर्यंत उभं होतं. विकणाऱ्या काकांनी पूर आल्याचं सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. मीच "धुतली असेल" असं धरून चालले होते.

कॉन्टेसाला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. बॉडी हाच सांगाडा. दरवाज्यांखालची पोकळ पेटी, जिला चाचा सिल म्हणतात, ती आतून कुजली तर गाडी मधून बसते. मग दरवाजे लागत नाहीत. म्हणून सिल कापायच्या आधी आतून आडवे-उभे अँगल वेल्डिंगचे टाके मारून बसवायचे, दरवाज्याच्या फटी मोजून लिहून ठेवायच्या, आणि एका वेळी एकच बाजू उघडायची. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर बॉडी वाकडी होते आणि परत सरळ होत नाही.

गंज शोधायला मी कंपनीतून आठवण म्हणून ठेवलेलं एक लोहचुंबक कापडात गुंडाळून सगळ्या अंगावर फिरवलं. पत्र्यावर ते पटकन ओढलं जातं, लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, जाड असेल तिथं घसरतं. उजव्या मागच्या चाकाच्या कमानीवर ते धरतच नव्हतं. तिथं खडूने गोल केला. असे 11 गोल झाले. एवढी लांबी आधी कुणी लावली कोण जाणे. पण गंजावर लांबी म्हणजे जखमेवर पावडर, ते आपण करायचं नाही असं ठरलं. कुजलेलं कापायचं, नवा पत्रा सीओटू वेल्डिंगने जोडायचा, आतून प्रायमर आणि वॅक्स.

त्याआधी एक काम मात्र मी स्वतः केलं. वेगळी चेसिस नसली तरी बॉडीवर ठोकलेल्या गाडीच्या ओळखीच्या नंबराला चेसिस नंबरच म्हणतात. त्यावर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घेतला, फोटो काढले. आरसी बुकाशी एक एक आकडा जुळवला. जुळला, तेव्हा हायसं वाटलं. आरसीची मुदत 2016ला संपलीय, ती पाच वर्षांसाठी वाढवून घेण्याआधी आरटीओ गाडी बघणार. डेंटिंग करताना नंबरची जागा कुणी ग्राइंड केली तर पुढे काही खरं नाही. त्या जागेवर टेप लावून मोठ्या अक्षरात "हात लावू नये" लिहिलंय.

इंजिनाचं म्हणाल तर मित्रमंडळींचा एकच धोशा आहे, जपानच्या इसुझूचं घाल. नंतरच्या कॉन्टेसांत 1.8 लिटरचं इसुझू आणि पाच गिअर आले, गाडी त्याने पळते हे खरं. मी घालणार नाही. 2021च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि इंजिन-बॉडीत मोठा फेरफार न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. माझ्या गाडीची पन्नाशी 2036 ला. ती जशी कारखान्यातून निघाली तशीच तिथपर्यंत न्यायची आहे.

जुन्या इंजिनाला आजचं पेट्रोल मात्र मानवायला हवं. ते शिशाच्या पेट्रोलसाठी बनलेलं. देशात 2000 सालापासून पेट्रोल बिनशिशाचं झालं. या हेडमध्ये व्हॉल्व्ह जिथं टेकतात त्या सीट बिडातच कापलेल्या असतात, शिशाचा आधार गेला की त्या हळूहळू खचतात. तेव्हा हेड उतरलं की कडक सीट बसवून घ्यायच्या. त्याआधी हेड मी स्वतः तपासणार. लाल डाय (रंग) मारायची, तड्यात मुरेपर्यंत थांबायचं, पुसायची, पांढरा डेव्हलपर फवारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. रोज दुसऱ्यांच्या कास्टिंगवर हे करते, आता एकदा आपल्यासाठी.

शिवाय आजच्या पेट्रोलमधलं 20 टक्के इथेनॉल. त्यातलं काही आपल्याच उसाचं, त्याचा मला अभिमान आहे, पण जुनं रबर त्यात टिकत नाही. पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरची गास्केट सगळी इथेनॉल सोसणारी घ्यायची. टाकी उतरवून आतून धुवायची, ती पुरातून आलीय.

पैसे साडेचार लाख धरलेत, त्यातले अडीच नुसत्या पत्र्याला आणि रंगाला. वर एक लाख कुणालाही न सांगता बाजूला. वेळ दोन वर्षं. पावसाळ्यात रंग नाही, हवेतला ओलावा रंगात अडकतो.

आईने जुन्या नऊवारीचे चौकोनी तुकडे करून दिलेत. प्रत्येक क्रोमपट्टी, प्रत्येक दिवा त्यात गुंडाळून, फोटो काढून, चिठ्ठी लावून कपाटात जाणार. उजव्या पुढच्या दरवाज्याची चिठ्ठी लिहून झालीय. रविवारी चाचा ग्राइंडर घेऊन येतायत, उजवा सिल आधी उघडायचा आहे.