कोंबडा की तलंग? सतराव्या आठवड्यापर्यंतची नोंद

आपल्या मराठीची एक सोय आहे. पाखरू नर की मादी ते कळेपर्यंत ‘ते पिल्लू’ म्हणून वेळ मारून नेता येते. मी गेले अडीच महिने तेच करतेय.

आमचं परस कोल्हापूरजवळच्या कळंब्यात. तीन गावठी कोंबड्या, दोन आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड जातीच्या), एक कडकनाथ तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) आणि एक म्हातारा गावठी कोंबडा. जूनमध्ये बाजारातून सहा आठवड्यांचं एक पिल्लू आणलं. विकणारा म्हणाला, असील क्रॉस आहे, म्हणजे झुंजीच्या असील जातीचा संकर. उंच मान, पायाच्या जाड नळ्या, पिवळसर डोळे. पोरानं नाव ठेवलं तिखट.

अकराव्या आठवड्यात तिखटानं नावाला जागायला सुरुवात केली, बाकीच्यांना टोचायला लागलं. जुलैचा शेवट, पावसाची झड लागलेली, राजाराम बंधारा पाण्याखाली. पाखरं दिवसभर ६ बाय ४ च्या खुराड्यात. म्हणजे एकेकाच्या वाट्याला ३ चौरस फूट, त्यात मधोमध एकच खाद्याचं भांडं. आता लिहिताना कळतंय की अर्धी चूक तिथंच होती.

कडकनाथची जखम मला दोन दिवस दिसलीच नाही. काळी पिसं, काळी कातडी, रक्त दिसणार कुठं? संध्याकाळी तिला उचललं तेव्हा मानेमागं बोटांना चिकट लागलं. पिसं बाजूला केली तर रुपयाएवढी जागा सोललेली. कडकनाथ पाळणाऱ्यांनो, नुसतं बघू नका, हात फिरवून तपासा. जखम धुतली, हळद लावली, आणि सुकेपर्यंत तिला एकटी ठेवली. रक्ताची चटक लागली की शांत कोंबड्यासुद्धा टोचायला येतात.

आत्तींचा (म्हणजे सासूबाईंचा) निकाल तयार होता. “अगं कोंबडाच हाय त्यो. बघ की कसा डोळं वटारतोय. गौरी झाल्या की बघू.” गौरी झाल्या की काय बघायचं ते कोल्हापुरात सांगावं लागत नाही. शेजारचे मामा म्हणाले चोच काप. ते मी करणार नव्हते. चोचीत नस असते, पाखराला दुखतं.

मारकं आहे म्हणजे नर, हे असीलच्या बाबतीत धरून चालू नका. असीलच्या माद्याही भांडतात, पिल्लंही काही आठवड्यांची असल्यापासून एकमेकांवर उड्या घेतात. आणि तुऱ्यावरूनही काही कळत नाही. गावठी पिल्लाचा तुरा सात-आठ आठवड्यांत लाल होऊन वर आला की अंदाज बांधता येतो. असीलचा तुरा मुळातच मटारीसारखा बसका, नराचाही. त्यामुळे लिंग कळायची वाट न बघता आधी भांडण मिटवायचं ठरवलं.

पहिला उपाय फसला. मी तिखटाला झाडूनं हाकलत होते. तिसऱ्या दिवशी ते झाडूवरच चालून आलं आणि माझ्या अंगठ्याचं साल काढलं. त्याच्या हिशेबात मीही कळपातली एक कोंबडी, ती पण पळपुटी.

मग मार खाणारीला नाही, मारणाऱ्यालाच बाजूला काढलं. डालग्याखाली, बाकीच्यांना दिसेल असं, पाच दिवस. दाणा-पाणी आतच. तेवढ्यात बाहेरच्यांनी आपापला क्रम परत लावून घेतला. सहाव्या रात्री अंधारात हळूच दांडीवर नेऊन बसवलं. सकाळी तिखट कळपात नवखं होतं. म्हाताऱ्या कोंबड्यानं एकदाच मान फुगवली, तिखट मागं सरलं. मला खरंच हसू आलं. भांडी तीन केली, एकमेकांपासून लांब, मध्ये एक पत्रा आडवा लावला म्हणजे एका जागी उभं राहून तिन्ही राखता येत नाहीत. मेथीची जुडी सुतळीनं टांगली, ती तासभर सगळ्यांना गुंतवते. पाऊस उघडला की लगेच दार उघडायचं.

आता सतरावा आठवडा. काल दुपारी उन्हात मांडीवर घेऊन कंबरेवरची पिसं एकेक उलगडून बघितली. नर असता तर एव्हाना तिथं अरुंद, टोकदार, चकाकणारी पिसं फुटली असती, भाल्याच्या पात्यासारखी. इथं सगळी चमच्याच्या टोकासारखी गोल. अजून बांगही नाही. त्यामुळे वहीत ‘ते’ खोडून ‘ती’ लिहिलं. आत्ती अजून मानत नाहीत. “अंडं दाखव, मग बोल,” म्हणतात. असील उशिरा वयात येते, तेव्हा अंड्याला अजून बराच अवकाश आहे.

कडकनाथच्या मानेवर नवी पिसं आलीत. तरी तिखट पहिल्या भांड्याशी आली की ती निमूटपणे पत्र्यामागच्या भांड्याकडं जाते. टोचाटोची मात्र नऊ दिवस नाही.