न्यूबर्गची सात दारांची खोली आणि फौजेची थकबाकी

उभी नोकरी लेखापरीक्षणात गेल्यामुळे असेल, पण न्यूयॉर्कला मुलीकडे गेल्यावर मी पुतळ्या-मनोऱ्यांऐवजी हडसनकाठच्या न्यूबर्गला जाण्याचा हट्ट धरला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याचा एप्रिल १७८२ ते ऑगस्ट १७८३ मुक्काम जिथे होता, ते हॅसब्रूक कुटुंबाचे बैठे दगडी घर तिथे आहे. मधल्या खोलीला दारे सात आणि खिडकी एकच. कोणत्याही दाराने पैसे मागणारा येईल, अशी माझ्या मनात उगाच शंका आली.

शंका अगदीच वावगी नव्हती. ब्रिटिशांविरुद्धचे युद्ध जिंकत आले होते, पण फौजेचे पगार थकले होते आणि काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी राज्यांच्या मध्यवर्ती सभेला, कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. अधिकाऱ्यांना १७८० साली कबूल केलेले आजन्म अर्धे वेतनही अधांतरी होते. जवळच्या न्यू विंडसर छावणीतील लाकडी सभागृहात, १५ मार्च १७८३ रोजी, वॉशिंग्टनने चष्मा चढवत या चिडलेल्या अधिकाऱ्यांची समजूत काढली. त्याच महिन्यात अर्ध्या वेतनाऐवजी पाच वर्षांचे पूर्ण वेतन, तेही रोख्यांत, असा तोडगा निघाला. शिपायांना जूनमध्ये रजेवर म्हणून घरी धाडले. हाती बंदूक आणि तीन महिन्यांच्या पगारापोटी काँग्रेसचा अर्थप्रमुख रॉबर्ट मॉरिस याच्या सहीच्या हुंड्या.

उरलेली बाकी काढण्याचे काम पेमास्टर जनरल, म्हणजे फौजेचा मुख्य वेतनाधिकारी, जॉन पिअर्सकडे आले. त्याने माणसागणिक हिशेब करून येणे बाकीची अंतिम प्रमाणपत्रे दिली. काम चोख होते, पण कागदाने चूल पेटत नाही. कित्येकांनी ती पौंडाला अडीच शिलिंग, म्हणजे आपल्या भाषेत रुपयाला दोन आणे, या भावाने दलालांना विकली. वॉशिंग्टनने वेतन नाकारून फक्त खर्च मागितला होता. त्याचा स्वहस्ते लिहिलेला हिशेब तपासणाऱ्यांना फरक सापडला तो एका डॉलरच्या ८९/९० भागाचा, आणि तोही त्यानेच कमी मागितलेला! असा हिशेब माझ्या टेबलावर कधी आला नाही.

पुढे १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनने हे जुने कर्ज दर्शनी किमतीने मान्य करायचे ठरवले. मूळ शिपायालाही वाटा द्यावा, ही प्रतिनिधी मॅडिसनची सूचना प्रतिनिधिगृहात ३६ विरुद्ध १३ मतांनी पडली. ज्याच्या हाती कागद, त्याला पैसे, हा नियम मला हिशेबनीस म्हणून मान्य आहे. मीही छत्तिसांत बसलो असतो. परतताना गाडीत मुलीने नेमके तेच विचारले, आणि मी नदीकडे पाहत राहिलो.