‘माझ्या साइटवर लपवण्यासारखं काही नाही’

साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे एन्क्रिप्टेड (सांकेतिक रूपातल्या) जोडणीवर न्या म्हटलं की हमखास येणारं उत्तर म्हणजे, “साधी लेखांची साइट आहे हो, ना पैशांचा व्यवहार, ना कुणाची माहिती. लपवायचंय काय?”

गफलत इथेच होते. एचटीटीपीएसमागचं तंत्र, टीएलएस, मजकूर झाकतं हे खरं, पण तो वाटेत कुणाला बदलूही देत नाही, आणि समोरचा सर्व्हर त्याच डोमेनचा आहे याची खात्रीही करून देतं. लेखांच्या साइटला मधलं काम सगळ्यात मोलाचं. साध्या एचटीटीपीवर पान वायफाय राउटर, इंटरनेट पुरवठादार, प्रॉक्सी अशा अनेक हातांतून जातं, आणि त्यातला कुणीही त्यात जाहिरात किंवा स्क्रिप्टची एक ओळ घुसडू शकतो. वाचकाला ती तुमचीच वाटते. मार्च २०१५ मध्ये गिटहबवर (प्रोग्रामर कोड ठेवतात ती साइट) झालेला हल्ला असाच होता. चिनी शोधयंत्र बायडूच्या, इतर साइटवर बसवलेल्या आणि एचटीटीपीवरून जाणाऱ्या स्क्रिप्ट वाटेतच बदलल्या गेल्या आणि भलत्याच साइट वाचणाऱ्यांचे ब्राउझर नकळत गिटहबवर विनंत्यांचा मारा करत राहिले. त्या साइटवर तरी लपवण्यासारखं काय होतं?

शिवाय लेख टाकायला तुम्ही स्वतः लॉगिन करताच. एचटीटीपीवरच्या वर्डप्रेस लॉगिनची विनंती वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं साधन) उघडली की ‘लॉग’ या रकान्यापुढे नाव आणि ‘पीडब्ल्यूडी’पुढे पासवर्ड, अक्षर न् अक्षर वाचता येतं. पासवर्ड हुकला तरी लॉगिननंतरची कुकी, म्हणजे तुम्ही आत आल्याची खूण, पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत उघडी फिरते, तीच उचलली की काम झालं.

खर्चाची सबब डिसेंबर २०१५ पासून उरलेली नाही. तेव्हापासून लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं सर्टिफिकेट (डोमेनची ओळख पटवणारी फाइल) कुणालाही फुकट मिळतं. वेगाचीही नाही. टीएलएस १.३ ची सुरुवातीची जुळणी एका फेरीत होते, आणि वेगवान एचटीटीपी/२ तर ब्राउझर फक्त एन्क्रिप्टेड जोडणीवरच वापरतात. उलट जुलै २०१८ पासून क्रोम प्रत्येक एचटीटीपी पानावर ‘असुरक्षित’ असा शिक्का मारतं.

सर्टिफिकेटसाठी आधी होस्टिंगच्या पॅनलमध्ये बघा, बहुतेक ठिकाणी एका क्लिकवर काम होतं. सर्व्हर स्वतःचा असेल तर सर्टबॉट हे सर्टिफिकेट आणून देणारं साधन. इथे पहिली ठेच म्हणजे ‘असुरक्षित’ म्हणून पोर्ट ८० (साध्या एचटीटीपीचं दार) बंद करून टाकणं. डोमेन तुमचंच आहे का, याची नेहमीची पडताळणी त्याच पोर्टवर येते, तेव्हा तो उघडा ठेवा. दुसरी ठेच डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या नोंदींत. आयपीव्ही६ ची (नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्याची) विसरलेली नोंद जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवत असेल तर पडताळणी तिकडे जाऊन फसते. चिडून पुन्हापुन्हा प्रयत्न करू नका, तासाला पाच अपयशांनंतर काही काळ अडवणूक होते. चाचणीसाठी लेट्स एन्क्रिप्टचा वेगळा सर्व्हर आहे, तो वापरा. आणि सर्टिफिकेटमध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याविना, दोन्ही नावं घाला.

एनजिनएक्स या वेबसर्व्हरला फाइल देताना ‘फुलचेन’ नावाचीच द्या, तीत तुमच्या सर्टिफिकेटसोबत त्याला मूळ विश्वासू संस्थेशी जोडणारं मधलं सर्टिफिकेटही असतं. नुसतं स्वतःचं सर्टिफिकेट दिलं तर लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये साइट उघडते, कारण मधलं सर्टिफिकेट तो बऱ्याचदा स्वतः मिळवतो. कर्ल हे कमांड लाइनचं साधन मात्र साफ नकार देतं, मोबाइल अ‍ॅपही बहुधा तेच करतं. ‘माझ्याकडे तर चालतंय’ या तक्रारींचं मूळ पुष्कळदा हेच.

मग जुने दुवे. एचटीटीपीएस पानात एचटीटीपीवरची स्क्रिप्ट असेल तर ब्राउझर ती अडवतो, आणि मेनू किंवा फॉर्म मुकाट्याने मरतो. यावर डेटाबेसमध्ये सरसकट ‘शोधा आणि बदला’ चालवणं हा वर्डप्रेसवाल्यांचा आवडता आत्मघात! काही सेटिंग्ज तिथे मजकुराच्या लांबीच्या आकड्यासकट साठवलेल्या असतात. ‘एचटीटीपी’चं ‘एचटीटीपीएस’ झालं की एक अक्षर वाढतं, आकडा मात्र जुनाच राहतो. वर्डप्रेसला ती नोंद वाचता येत नाही आणि विजेट गायब होतात. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड लाइन साधनाची शोध-बदल आज्ञा हा आकडाही दुरुस्त करते. आधी बॅकअप, मग ड्राय रन (काहीही न बदलता केलेली तालीम), मग खरा बदल.

यानंतरच एचटीटीपीवरून एचटीटीपीएसकडे कायमचं वळवणारं ३०१ रिडायरेक्ट लावा. पुढे सीडीएन (वाचकाजवळच्या सर्व्हरवरून पानं पुरवणारी सेवा) असेल आणि ते तुमच्या सर्व्हरशी एचटीटीपीवरच बोलत असेल, तर सर्व्हर त्याला एचटीटीपीएसकडे पाठवतो, ते पुन्हा एचटीटीपीवरच येतं, आणि हे गरगर चक्र थांबत नाही. रिडायरेक्ट काढणं हा उपाय नव्हे. सीडीएन ते सर्व्हर हा टप्पाही एन्क्रिप्ट करा, नाहीतर अर्धी वाट उघडीच राहते.

‘यापुढे फक्त एचटीटीपीएसनेच ये’ असं ब्राउझरला ठरावीक मुदतीसाठी बजावणारं एचएसटीएस हेडर घाईने लावू नका. मुदत आधी ३०० सेकंद, मग आठवडा, आणि सगळं सुरळीत दिसलं की ३१५३६००० सेकंद, म्हणजे वर्ष. उपडोमेन त्यात घेण्याआधी प्रत्येकावर सर्टिफिकेट आहे का ते तपासा. कारण हे हेडर एकदा ब्राउझरने लक्षात ठेवलं की सर्टिफिकेट बिघडल्यावर वाचकाला ‘तरीही पुढे जा’ हा पर्यायच मिळत नाही.

लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, आणि एकूणच मुदती आखडत चालल्यात. मार्च २०२९ पासून कुठल्याही सार्वजनिक सर्टिफिकेटला ४७ दिवसांची मर्यादा लागणार आहे. हाताने नूतनीकरण विसराच. पण स्वयंचलित नूतनीकरणातही एक खोच आहे. नवी फाइल डिस्कवर येते, एनजिनएक्स मात्र मेमरीतलं जुनंच सर्टिफिकेट दाखवत राहतं. नूतनीकरणानंतर ते रीलोड होईल असा हुक (आपोआप चालणारी आज्ञा) जोडा. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केले, म्हणून राखण तुमची तुम्हालाच करायची आहे. रोज एकदा, सर्व्हरच्या बाहेरून, पोर्ट ४४३ ला (एचटीटीपीएसचं दार) जोडून तिथे दिसणारी तारीख बघणारी छोटी स्क्रिप्ट पुरते. डिस्कवरच्या फाइलची तारीख बघू नका, ती नवीच दिसणार.