पंधराचे पाऊणपट

फोनवर बहुतेकांचे प्रश्न ठरलेले असतात. खिडकीतून समुद्र दिसतो ना? एसी आहे ना? मासे घरचे करता की बाहेरून आणता? या गृहस्थांनी एकच प्रश्न तीनदा विचारला, "आजूबाजूला कुणी नाही ना?" मी म्हटलं, नाही. गाव पाऊण किलोमीटरवर, मधे सुरूचं बन, आणि मोबाइलला रेंज हवी तर घाटी चढून वर जावं लागतं. "परफेक्ट," म्हणाले आणि लगेच अर्धे पैसे पाठवले.

आमची जागा आंजर्लं आणि केळशीच्या मधल्या किनाऱ्याला. वरच्या अंगाला आमचं जुनं घर, वाडीच्या टोकाला समुद्राकडे तोंड करून दोन खोल्यांचं कौलारू कॉटेज. तिथे आधी पोफळी होत्या. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि एका दुपारीत सगळी बाग झोपवून गेलं. पोफळ पुन्हा लावली तर सुपारी दिसायला सहा-सात वर्षं. खोल्या बांधल्या तर पुढच्या दिवाळीत पाहुणे. आमचा पर्यटन व्यवसाय असा सुरू झाला.

त्या दिवशी मार्गशीर्ष पौर्णिमा होती, दत्तजयंती. हे मुंबईला लेकीकडे गेलेले, मी एकटीच. चारच्या सुमाराला मंडळी आली. नवरा-बायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी. गाडी नवी, उंच, नुसती बघतच राहावी अशी. चहा देताना मी नेहमीची दोन वाक्यं सांगितली: ओहोटीच्या पाण्यात उतरू नका, आणि गाडी वाळूत घालू नका. वाटेच्या तोंडाशी ग्रामपंचायतीचा फलकही आहे. ते हसले. "काकू, फोर बाय फोर आहे." मला त्यातलं कळत नाही. पण वाळूलाही कळत नाही.

पौर्णिमेला साडेपाचची वेळ म्हणजे आमच्याकडे सगळ्यात फसवी. उधाणाच्या दिवसांत भरती जेवढी वर चढते तेवढंच ओहोटीला पाणी लांब जातं. ओली, टणक वाळू डांबरी रस्त्यासारखी पसरलेली दिसते, आणि बरीचशी असतेही तशी. फक्त पऱ्या, म्हणजे ओढा, समुद्राला मिळतो तिथे वरून तशीच दिसते, आत मात्र सगळं पाणी. तिथून आमच्या सासऱ्यांनी कधी बैलगाडीसुद्धा आडवी नेली नाही.

मी वाल सोलत बसले होते. मुलगी धावत आली. "आजी, बाबांची गाडी खाली बसली."

जाऊन बघते तर हे गृहस्थ ॲक्सिलरेटर दाबतायत, चाकं गरगर फिरतायत आणि गाडी पुढे न जाता खाली चाललीये. पोट वाळूला टेकलेलं. "अहो, आधी बंद करा ती!" मी इतक्या मोठ्याने पाहुण्यांवर ओरडले नव्हते कधी. सूर्यास्ताच्या उजेडात फोटो हवा होता, बाकी काही नाही.

आमच्याकडे भरतीचा हिशोब सोपा आहे. तिथीला पाऊणपट. अष्टमीला सहा, पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. वद्यात पुन्हा एकपासून. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. ते ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे पाच तास आहेत." मग मला सांगावं लागलं की पाणी सारख्या चालीने चढत नाही. पहिला तास हलतच नाही असं वाटतं, तिसऱ्या-चौथ्या तासाला धावत येतं. आणि गाडी उभी होती ती पार खाली. नऊला तिथे काहीही शिल्लक राहणार नव्हतं. ते फोन डोक्यावर धरून गोल गोल फिरायला लागले. रेंज नव्हती. तेवढ्यासाठीच तर आले होते.

मी स्कूटी काढून दत्ताच्या देवळात गेले. ट्रॅक्टरवाले भाऊ पुढेच बसलेले, आणि नेमका पाळणा चाललेला. पाळण्यात कसं उठवायचं माणसाला? मी खांबाशी उभी राहिले. एरवी मला तो पाळणा फार आवडतो. त्या दिवशी एकेक कडवं संपता संपेना. फुलं उधळली, आरती झाली, तेव्हा कुठे मी पुढे सरकले. भाऊंनी ऐकून घेतलं, सुंठवडा तळहातावर घेतला, तोंडात टाकला. "कुठे, पऱ्याशी? मग आठपर्यंत काय होत नाय. प्रसाद घे आधी." असे अठरा-वीस जण निघाले, कपाळाला बुक्का आणि नेसूचं सोवळं-धोतर सावरत.

ट्रॅक्टर जवळ नेला असता तर तोही रुपला असता. तो लांब टणकावर उभा केला आणि होडी ओढायचा जाड दोर आणून गाडीच्या मागच्या हुकाला बांधला. चारही चाकांची हवा अर्धी काढली. चाकांमागची वाळू उपसायची, तर फावडं काढलं की खड्ड्यात पाणी आणि वाळू पुन्हा येऊन बसायची. झावळ्या घातल्या, त्या चाकांनी गिळल्या. "फळ्या आण गो वहिनी!" फळ्या कुठल्या आणू? घरात जाऊन जेवणाचे सहा सागवानी पाट घेऊन आले. कोपऱ्यांना पितळी फुल्या असलेले, माझ्या लग्नातले.

आठनंतर पहिला फेस टायरला लागला. लाट परत जाताना समुद्राकडच्या चाकाखालची वाळू घेऊन गेली आणि गाडी त्या अंगाला कलली. बायको मुलीला घट्ट धरून वर उभी होती. मागे माडांवर चंद्र चांगला वर आलेला, आणि पाणी घोट्याला. कुणीतरी "श्री गुरुदेव दत्त!" म्हणालं, ट्रॅक्टरने दम घेतला, दोर ताणून तारेसारखा झाला. दोन ओढी फुकट गेल्या. तिसऱ्या ओढीला गाडी पाटांवर चढली आणि गपकन मागे आली. आठ चाळीस झाले होते.

मग दहापर्यंत विहिरीचा पंप लावून गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुतलं. खारं पाणी तसंच राहिलं तर पत्र्याला खातं. त्यांनी पाकीट काढलं. भाऊंनी डिझेलपुरते घेतले, उरलेले देवळाच्या पेटीत टाका म्हणाले. सगळ्यांना चहा झाला. एकांत हवा होता त्या कॉटेजच्या पडवीत वीस माणसं ओल्या धोतरांनी बसली होती, आणि ती मुलगी प्रत्येकाला साखर हवी का विचारत फिरत होती.

सव्वाअकराला मी दिवा मालवायला उठले. ते गृहस्थ अजून पायरीवर बसलेले. समोर नुसतं पाणी. पऱ्याची जागा कुठे होती तेही कळत नव्हतं.

चार दिवसांनी हे मुंबईहून आले. जेवायला पाट मांडताना म्हणाले, "पाचच कसे?"

सहावा अजून कुठल्या किनाऱ्याला लागलेला नाही. आडे गावाकडच्या लोकांना सांगून ठेवलंय.