गाळलेले कडवे

मृत्यू घोडागाडी घेऊन दारात येतो आणि अदबीने बोलणारीला शेजारी बसवून नेतो, ही अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनची कविता बहुतेकांनी कधी ना कधी वाचलेली असते. डिकिन्सन १८८६ मध्ये गेली आणि तिचा पहिला संग्रह १८९० मध्ये निघाला. त्यात मेबल लूमिस टॉड आणि टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन या संपादकांनी या कवितेला मथळा दिला, ती ओळीत जागोजागी ओढत असलेल्या आडव्या रेघांच्या (डॅश) जागी रीतसर विरामचिन्हे बसवली आणि एक अख्खे कडवे गाळले.

ते कडवे कोणते, हे पाहण्यासारखे आहे. गाडी शाळेवरून जाते, उभ्या पिकांवरून जाते, मावळत्या सूर्यालाही मागे टाकते; तिन्ही वेळा ‘आम्ही ओलांडले’ असाच ठेका आहे. आणि पुढचे कडवे उघडते तेच स्वतःला खोडत: नाही, खरे तर सूर्यानेच आम्हांला ओलांडले. लगेच दव उतरते, गारठा जाणवतो, आणि अंगावरचा झगा किती झिरझिरीत आहे हे बोलणारीच्या तेव्हा कुठे लक्षात येते. आतापर्यंत फेरफटका वाटणारा प्रवास या एका दुरुस्तीने अंत्ययात्रा होतो. हे कडवे काढले की गाडी सूर्यास्तापासून थेट थडग्यापाशी येऊन थांबते, आणि वाचणाऱ्याला थंडी वाजतच नाही.

थडग्याच्या कडव्यात डिकिन्सनने यमकाच्या दोन्ही जागी ‘ग्राउंड’ (जमीन) हाच शब्द ठेवला होता. संपादकांनी दुसऱ्या जागी ‘माउंड’ (मातीचा उंचवटा) घातला. शालेय रसग्रहणात या यमकाला अर्धा गुण जास्त मिळाला असता! पण कवितेत घर म्हटलेल्या त्या थडग्याला छतापासून कंगोऱ्यापर्यंत मातीवाचून दुसरे काहीच नाही, हे त्या पुनरुक्तीनेच कळत होते.

टॉमस जॉन्सन यांनी संपादित केलेल्या तिच्या कवितांच्या १९५५ च्या आवृत्तीत कडवेही परत आले आणि रेघाही. त्यानंतर रेघांवर इतके लिहिले गेले की काही अभ्यासक हस्तलिखितातली रेघ वर झुकते की खाली, यातूनही अर्थ काढू लागले. तिथे मात्र माझी श्रद्धा डळमळते, कारण डिकिन्सनबाई पत्रांतच नव्हे, तर पाककृती उतरवून घेतानाही अशाच रेघा ओढत असत.